एक्स-रे नॉर्मल आला तरी पोरीचा घोटा का दुखतो?

पालकांचा मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, पाय मुरगळला होता, सूज उतरली, एक्स-रेपण नॉर्मल आहे, तरी पोरगं दुखतं म्हणतं, नाटक करतंय का? तर यावल तालुक्यातली एक केस सांगते. पोरगी १३ वर्षांची, कबड्डीत रेडर, वडलांची केळीची बाग. बसल्या बसल्या ते म्हणाले, "ताई, पोरले खेयू देऊ का नको, तेवढं सांगा." पुढच्या आठवड्यात तालुक्याची १४ वर्षाखालची निवड होती ना.

पोरगी गप्प. वडलांना चहा प्यायला पाठवलं तेव्हा कुठे बोलली, की वर्षभरात तिसऱ्यांदा मुरगळलाय, दुसऱ्यांदा तर घरी सांगितलंच नाही, कारण सांगितलं की खेळ बंद. पहिल्या वेळी आजीने गरम तेल लावून जोरात चोळलं होतं. आजीची माया कळते, पण ताज्या मुरगळीवर पहिले दोन-तीन दिवस चोळणं नि शेकणं नकोच, सूज वाढते. बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवायचा, पट्टी बांधायची, पाय उशीवर घ्यायचा, बस.

मी डॉक्टर नाही, म्हणून आधी ऑर्थोकडेच, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. या वयात हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते आणि ती बऱ्याचदा लिगामेंटपेक्षा (हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यापेक्षा) कच्ची, त्यामुळे मोठ्यांना जिथे नुसती मुरगळ होते तिथे पोरांना कूर्चेला मार लागू शकतो आणि तो एक्स-रेत दिसेलच असं नाही, म्हणून डॉक्टर नेमकं कुठे दाबलं की दुखतं ते बघतात. घोट्याच्या हाडावरच दाबलं की दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर घरी थांबूच नका. (टाच दुखत असेल तर ते वेगळं, ८ ते १४ वयात वाढीमुळे टाच दुखते, त्याला मुरगळ समजून बसू नका.)

हिचं हाड ठीक निघालं, बाहेरचं लिगामेंट ढिलं पडलं होतं. आराम झाला असेल-नसेल, व्यायाम कधीच नाही. व्यायाम हवा हे वडलांना पटेना, मग मी तिला तिथेच डोळे मिटून एका पायावर उभं केलं. चांगला पाय, आरामात. दुखरा पाय, तीन सेकंदात भिंत धरली. वडील बघतच राहिले, मग स्वतःच बोलले, "घड निसवला नि झाड कललं की टेकू देतो आम्ही, तसं काही?" म्हटलं हो भाऊ, खेळताना घोट्याचा ब्रेस म्हणजे टेकूच, पण केळीच्या खोडाला व्यायाम करता येत नाही, हिला येतो.

निवड हुकली. बाप चिडला, पोरगी रडली, मलाही वाईट वाटलं, पण फिजिओचे सहा आठवडे ठरले ते ठरले. रबरी पट्ट्याला पाय ओढून ताकद, टाचा उचलणं, दात घासताना एका पायावर उभं राहणं, मग एका पायावर उड्या, शेवटी वळणावळणाने पळणं. दोन्ही पायांवर सारख्या उड्या, न दुखता, जमल्या की मगच मॅटवर.

पाचव्या आठवड्यात वडलांचा फोन. म्हणे रोज सकाळी दोघं सोबत एका पायावर उभे राहतात, पोरगी ४० सेकंद, "आणि मी ताई, अकरातच पडलो."