वाचकांचे प्रश्न : सेन्सर हाती नसताना इनपुट पिन कशी तपासायची?

प्रश्न : दाराला बसवायचा चुंबकीय स्विच अजून हातात आलेला नाही. तोवर प्रोग्रॅम तरी तपासून घ्यावा म्हणून आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाची ७ नंबरची पिन इनपुट केली आणि तिला काहीही न जोडता सिरियल मॉनिटर (बोर्ड पाठवतो ते आकडे दाखवणारी संगणकावरची खिडकी) उघडला. ० आणि १ मनाला येईल तसे बदलत राहतात, हात जवळ नेला की जास्तच. पिन गेली आहे का?

उत्तर : पिन ठणठणीत आहे. इनपुट केलेली पिन जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे ती मोकळी सोडली की आसपासच्या वायरिंगमधली ५० किंवा ६० हर्ट्झची वीज, तुमचा हात, शेजारची जंपर वायर, जे मिळेल ते ती उचलते. उनोवरची एटीमेगा३२८पी चिप ५ व्होल्टवर चालताना १.५ व्होल्टच्या खाली खात्रीने ० वाचते आणि ३ व्होल्टच्या वर खात्रीने १. मधल्या पट्ट्यात ती काय वाचेल याचा भरवसा नाही, आणि मोकळी पिन नेमकी तिथेच भटकत असते. मोकळ्या पिनवरून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही अवस्था तुम्ही स्वतः द्यायला हव्यात.

प्रोग्रॅममधल्या पिनमोड या सूचनेत 'इनपुट' ऐवजी 'इनपुट पुलअप' लिहा. चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे पुलअप, पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. आता मोकळ्या पिनवर सतत १ दिसला पाहिजे आणि मल्टिमीटरने पिन व ग्राउंडमध्ये जवळपास ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मग १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पिन ग्राउंडला जोडा. पिनवरचा व्होल्टेज ०.१ ते ०.२४ व्होल्टपर्यंत उतरतो आणि मॉनिटरवर ० येतो. वायर काढली की पुन्हा १.

नुसती वायर लावूनही ० येईल, तरी रेझिस्टर गाळू नका. प्रोग्रॅममध्ये चुकून तीच पिन आउटपुट होऊन हाय (५ व्होल्ट) झाली, तर थेट ग्राउंडला टेकलेली वायर म्हणजे शॉर्टच. एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँप आहे; १ किलोओहम असेल तर करंट ५ मिलिअँपच्या वर जाऊच शकत नाही. एक रेझिस्टर चिप वाचवतो.

ग्राउंड जोडूनही १ च राहिला, तर आधी वायर शेजारच्या भोकात गेली आहे का ते बघा. लांब ब्रेडबोर्डची (वायरी खोचायच्या भोकांच्या बोर्डाची) कडेची पट्टी पुष्कळदा मध्यभागी तुटक असते, तिथे हमखास फसायला होतं. उलट, मोकळ्या पिनवरही ० च येत असेल, तर मीटर लावा. मीटरवर ५ व्होल्ट आणि मॉनिटरवर ० असेल, तर प्रोग्रॅम दुसरीच पिन वाचतो आहे. सगळ्या वायरी काढूनही मीटर शून्याजवळच राहिला आणि पुलअप चालू असल्याची खात्री असेल, तर मात्र पिन खरोखर गेली असं समजा. ही चाचणी ० आणि १ या पिनांवर करू नका, कारण सिरियल मॉनिटर त्यांच्यावरूनच चालतो.

स्विच आल्यावरही पुलअप तसाच ठेवा. लक्षात एवढंच राहू द्या की पुलअपमुळे अर्थ उलटतो : चुंबक जवळ आल्यावर मिटणारा स्विच असेल, तर दार बंद असताना ० आणि उघडं असताना १.

प्रश्न : ईएसपी३२ चिपच्या बोर्डावर ३४ नंबरच्या पिनवर हेच केलं, पुलअप लिहूनही आकडे नाचतात.

उत्तर : ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटसाठी आहेत आणि त्यांना आतला पुलअप नाहीच. बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टला जोडा. ५ व्होल्टला चुकूनही नको, या चिपच्या पिना तेवढं सोसत नाहीत. चाचणीसाठी ० नंबरची पिनही टाळा : ती ग्राउंडला असताना रिसेट झालं तर चिप प्रोग्रॅम चढवून घेण्याच्या अवस्थेत जाऊन थांबते आणि बोर्ड बंद पडल्यासारखा वाटतो.

प्रश्न : फेऱ्या मोजायचा प्रोग्रॅम उनोवर लिहिला आहे. वायर ग्राउंडला एकदाच टेकवली तर मोजणी कधी ८ ने वाढते, कधी १५ ने. चूक कोडमध्ये आहे की वायरमध्ये?

उत्तर : हाताने टेकवलेली वायर एकदा टेकत नाही. धातू धातूला लागताना काही मिलिसेकंदांत अनेकदा जोडला-सुटला जातो आणि इंटरप्ट (पिन बदलताच बाकी काम थांबवून लगेच चालणारा कोड) त्यातला प्रत्येक झटका मोजतो. मोजणी तपासायला म्हणूनच हात नको, स्वच्छ पल्स हवेत, आणि ते बोर्डच देऊ शकतो.

८ नंबरची पिन १ किलोओहममधून २ नंबरच्या पिनला जोडा. ८ वर टोन फंक्शनने १०० हर्ट्झचे पल्स सुरू करा, २ वर 'रायझिंग' (० चा १ होतानाच चालणारा) इंटरप्ट लावा आणि १० सेकंद मोजा. १००१ किंवा १००२ आले की कोड बरोबर. वरचे एक-दोन तुमची चूक नव्हे : १६ मेगाहर्ट्झला पूर्णांकांनीच भागता येत असल्यामुळे टोन प्रत्यक्षात १००.१६ हर्ट्झ देतो. २००० च्या आसपास आकडा आला तर 'रायझिंग'च्या जागी 'चेंज' (चढता-उतरता दोन्ही बदल मोजणारा) राहिलं आहे. मोजणीचा व्हेरिएबल व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून ताजा वाचला जाणारा) असू द्या. तो दोन किंवा चार बाइटचा असेल तर वाचताना इंटरप्ट क्षणभर थांबवून प्रत काढा, नाहीतर अर्धा जुना, अर्धा नवा असा आकडा क्वचित हाती लागतो आणि ती चूक शोधण्यात दिवस जातो.

एवढं जुळलं की उरलेला दोष संपर्काचा. खऱ्या स्विचसाठी एक पल्स मोजल्यावर पुढचे २० मिलिसेकंद दुर्लक्ष करा. हातातल्या वायरीला ५० सुद्धा कमी पडू शकतात. मात्र टोनच्या चाचणीत हे दुर्लक्ष बंद ठेवा. तिथे दर १० मिलिसेकंदांनी पल्स येतो, म्हणजे निम्म्याहून जास्त पल्स तुम्हीच गाळाल.