क्रोममध्ये कन्नड साइटवर जमिनीच्या उताऱ्याचा फॉर्म भरताना गावांची नावं बदलतात आणि बटण दाबलं तरी काही होत नाही. ब्राउझर बदलू का?

ब्राउझर बदलायची गरज नाही, त्या साइटपुरतं क्रोमचं भाषांतर कायमचं बंद करा. भाषांतर चालू असताना क्रोम पानावरचा मूळ मजकूर काढून त्या जागी स्वतःचा बसवतो. ज्या साइटचा प्रोग्रॅम त्या मजकुरावर अवलंबून असतो, तिथली बटणं मग अडतात. गावांच्या यादीत तर धोका जास्त. आपल्याकडे बेळगाव तालुक्यात सुळगा (उचगाव) आणि सुळगा (येळ्ळूर) अशी दोन गावं आहेत. कंसातलं नाव इकडचं तिकडे झालं की दुसऱ्याच गावाचा सर्व्हे नंबर शोधत बसाल.

कॉम्प्युटरवर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे भाषांतराचं चिन्ह दिसतं. ते दाबा, तीन टिंबांत जाऊन 'या साइटचं भाषांतर कधीही करू नका' असा पर्याय निवडा, मग पान रीलोड करा. खानापुरात माझं ऑनलाइन सेंटर आहे, आणि तिथं येणाऱ्या अशा बहुतेक तक्रारी एवढ्यानंच मिटतात. कन्नड वाचता येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यानं गूगल लेन्समधून स्क्रीन वाचा, फॉर्मला हात लागत नाही.

मात्र उतारा नव्या खिडकीत उघडणारा असेल आणि काहीच दिसत नसेल, तर अडचण भाषांतराची नाही. त्या साइटला पॉप-अपची परवानगी द्या. तरीही ब्राउझर बदलून पाहायचा असेल तर फायरफॉक्स घ्या. एज आणि ब्रेव्ह हे ब्राउझर आतून क्रोमच्याच पायावर, म्हणजे क्रोमियमवर चालतात, त्यामुळे तिथं फारसा फरक पडणार नाही.