सीतेची आसवं सांगलीत कुंडीत जगतील का?

तुमचा प्रश्न असा: कास पठारावरून सीतेच्या आसवांची दोन-चार रोपं ढेकळासकट आणून सांगलीत गच्चीवर लावली, तर टिकतील का? नाही टिकणार. आणि आणूही नका. ते राखीव वन आहे, तिथे फूल तोडायलाही मनाई आहे.

सीतेची आसवं म्हणजे सूक्ष्म जीव पकडून खाणारं चिमुकलं पावसाळी रोप. या रोपाला खरी मुळंच नसतात. मातीत दोऱ्यासारखे तंतू पसरतात आणि त्यांना जेमतेम मिलिमीटरभराच्या पिशव्या लागतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकत राहते, त्यामुळे आत दाब कमी होतो. दाराशी बारीक केस असतात. एखादा सूक्ष्म जीव त्यांना लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो, तेही एका सेकंदाच्या हजाराव्या भागात. मग साधारण अर्ध्या तासात सापळा परत तयार. ही सगळी खटपट नत्र-स्फुरद या पोषकद्रव्यांसाठी, कारण कासला जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर असतो आणि पावसाने तो धुऊन निघालेला असतो.

आता कुंडी बघा. आपली काळी माती, वर शेणखत, बोअरचं क्षाराचं पाणी. खताने आणि क्षारांनी तंतू कुजतात. पाणी ओतून निथळलं तरी चालत नाही. पिशवीला सतत पाण्याची पातळ साय लागते. शिवाय रोप वर्षायू आहे. पाऊस सरला, कातळ सुकला की ते संपतं आणि मागे फक्त धुळीसारखं बी उरतं. दिवाळीत ते वाळलं म्हणून खत घालणारे हमखास भेटतात!

कुंडीत पावसाळी फूल हवंच असेल तर गौरीत लागतो तो तेरडा लावा. जूनमध्ये बी टाका, नुसतं मातीने झाका, कुंडीत पाणी साचू देऊ नका. दीड-दोन महिन्यांत फुलतो.

आसवं बघायला सप्टेंबरात जा, तेही सुट्टीचा दिवस टाळून. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कास साधारण २५ किलोमीटर. गेंद या रानफुलाची पांढरी बटणं जिथे दाट दिसतील तिथेच ही जांभळी-निळी फुलं शोधा: खालची पाकळी फुगीर, घशापाशी पांढरट डाग, मागे शिंगासारखी शेपटी. दहापट भिंग जवळ ठेवा, पण आखलेल्या वाटेवरूनच वाका. ओल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पाय पडला की ते तंतू चिखलात चिरडतात.