वाचक विचारतात: लेबलवर न दिसणारं थॅलेट

प्रश्न: ताई, मला चौथा महिना चालू आहे. बहिणीने एक व्हिडिओ पाठवला, त्यात म्हणे क्रीम आणि परफ्यूममधल्या थॅलेटमुळे पोटातल्या मुलग्यांवर परिणाम होतो. मी रोज डिओ, बॉडी लोशन, केसांचं सीरम सगळंच लावते. घरातल्या सगळ्या बाटल्या उलट्यापालट्या करून वाचल्या, थॅलेट हा शब्द कुठेच नाही. मग मी सेफ आहे ना? आणि आत्तापर्यंत वापरलं त्याचं काय?
– झोप उडालेली

उत्तर: आधी झोपेचं बघू, म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ करायला किंवा सुगंध टिकवायला मिसळतात ती रसायनं. ती शरीरात साठून राहत नाहीत, काही तासांत त्यांचे तुकडे व्हायला लागतात आणि एक-दोन दिवसांत ते लघवीवाटे निघून जातात, त्यामुळे मागच्या महिन्यात लावलेलं लोशन आज तुमच्या अंगात बसलेलं नाही. प्रॉब्लेम असा की आपण रोज लावतो, म्हणजे एकीकडून जातंय आणि दुसरीकडून येतंय.

आता मुलग्यांची गोष्ट, ती व्हिडिओवाल्यांनी हवेतून आणलेली नाही. डीबीपी आणि डीईएचपी ही दोन थॅलेट गाभण उंदरांच्या मादीला भरपूर दिली की नर पिल्लांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी तयार होतं आणि जननेंद्रियांची वाढ बिघडते, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलंय. माणसांमध्ये 2005 साली अमेरिकेत संशोधक शॅना स्वॉन यांच्या टीमने गरोदर बायकांच्या लघवीतलं प्रमाण मोजलं आणि नंतर त्यांच्या मुलग्यांच्या गुदद्वार ते जननेंद्रिय या अंतराशी ते ताडून पाहिलं (गर्भात टेस्टोस्टेरॉन कमी पडलं की हे अंतर कमी राहतं), तर ज्या आयांमध्ये काही थॅलेटचं प्रमाण जास्त होतं त्यांच्या मुलग्यांमध्ये ते अंतर थोडं कमी निघालं. पण नीट वाचा, हा शेकड्याच्या आतल्या मुलांचा अभ्यास होता, त्यात दिसला तो संबंध, कारण नव्हे, आणि त्यावरून एकट्या तुमच्या बाळाबद्दल कोणीही काही सांगू शकत नाही. गंमत म्हणजे सौंदर्यप्रसाधनात आज जे थॅलेट सगळ्यात जास्त सापडतं ते डीईपी, म्हणजे डायइथाइल थॅलेट, आणि उंदरांमध्ये डीईपीने तसा परिणाम दिसत नाही, तरी स्वॉन यांच्या अभ्यासात त्याचाही संबंध दिसला होता. म्हणून मी ना "काही होत नाही" म्हणणार, ना "विष आहे" म्हणणार.

आणि लेबल. तुमच्या बाटल्यांवर 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' असा एक शब्द नक्की असेल, बघा परत. सुगंध म्हणजे अनेकदा डझनावारी रसायनांचं मिश्रण असतं, पण ते व्यापारी गुपित मानलं जातं त्यामुळे एका शब्दात उरकायला परवानगी असते. डीईपी याच शब्दाच्या पोटात असतं, कारण त्याचं काम सुगंध विरघळवून ठेवायचं आणि तो लवकर उडून जाऊ द्यायचा नाही. मी स्वतः एकदा एका कंपनीला मेल करून विचारलं होतं की तुमच्या लोशनच्या सुगंधात डीईपी आहे का हो, हो की नाही एवढंच सांगा. उत्तर आलं, अगदी गोड भाषेत, की आमची सगळी उत्पादनं नियमांनुसार आहेत. हो पण नाही आणि नाही पण नाही.

म्हणून थॅलेट शोधत बसू नका, सुगंध शोधा. जे अंगावर राहतं ते आधी बदला: लोशन, डिओ, परफ्यूम, सीरम. धुऊन टाकायचा साबण-शाम्पू नंतर बघता येईल. 'अनसेंटेड' लिहिलेलं बघून फसू नका, त्यात कधीकधी मूळ वास झाकायला वेगळा वास घातलेला असतो, 'फ्रॅग्रन्स फ्री' हा शब्द जास्त भरवशाचा, तरी घटकांची यादी वाचाच. याने खरंच फरक पडतो का तर पडतो. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस भागात 100 किशोरवयीन मुलींना फक्त 3 दिवस असल्या घटकांशिवायची उत्पादनं वापरायला दिली, तर लघवीत डीईपीपासून बनणारा पदार्थ सरासरी 27 टक्क्यांनी कमी झाला, हा अभ्यास 2016 मध्ये छापून आला. तीन दिवसांत! आणि डॉक्टरांनी दिलेलं कुठलंही औषधी मलम मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न: नेलपॉलिशच्या बाटलीवर 'थ्री फ्री' लिहिलेलं असतं ते काय? मी पार्लरमध्ये काम करते, दिवसभर तेच.

उत्तर: टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डीबीपी, हे तीन नाहीत असा त्याचा अर्थ. डीबीपी घालायचे कारण ते नसेल तर रंगाचा पापुद्रा कडक होऊन तडकतो. युरोपियन युनियनने डीबीपी आणि डीईएचपीला सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातल्याला वीस वर्षं झाली आणि मोठ्या कंपन्यांनी बऱ्यापैकी काढूनही टाकलंय. आठवड्यातून एकदा रंग लावणारीपेक्षा तुमचा प्रश्न मोठा आहे कारण तुम्ही दिवसभर त्या वाफेत बसता. 'थ्री फ्री' घ्याच, पण खिडकी उघडी ठेवणं, बाटलीचं झाकण लगेच लावणं आणि हवा बाहेर फेकणारा पंखा, हे जास्त महत्त्वाचं, कारण नेलपॉलिशमधले बाकीचे सॉल्व्हंट कुठे गेलेत, ते आहेतच.

प्रश्न: तुम्ही लोकांना उगीच घाबरवता. एवढं वाईट असतं तर अमेरिकेने बंदी घातली नसती का?

उत्तर: चिडू नका, प्रश्न चांगलाय. अमेरिकेतल्या एफडीएचं, म्हणजे औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं म्हणणं आहे की सौंदर्यप्रसाधनांत जसे वापरले जातात तसे थॅलेट धोकादायक आहेत असा स्पष्ट पुरावा त्यांच्याकडे नाही. युरोपची पद्धत वेगळी, तिथे एखादं रसायन प्रजननाला घातक असं वर्गात बसलं की सौंदर्यप्रसाधनातून सहसा बाहेर. त्याच अमेरिकेत लहान मुलांच्या खेळण्यांत मात्र डीबीपी, डीईएचपी आणि बीबीपी हे आणखी एक थॅलेट 0.1 टक्क्याच्या वर चालत नाहीत, हा कायदा 2008 चा. म्हणजे बाळाच्या तोंडातल्या रबरी बदकाला नियम आणि आईच्या अंगावरच्या लोशनला देशभर लागू असा नाही, हे मला तरी पटत नाही. आणि हो, डीईपी युरोपातही चालतं, तेही सांगायला पाहिजे नाहीतर तुम्ही म्हणाल लपवलं.

प्रश्न: लघवीची टेस्ट करून घेऊ का?

उत्तर: नको. सकाळी एक आकडा येईल, संध्याकाळी दुसरा, आणि अमुक आकड्याच्या वर आजार असं ठरलेलं नाही. डॉक्टरही त्यावर काही औषध देऊ शकणार नाहीत.

प्रश्न: पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट असतं असं वाचलं. म्हणजे तेच ना?

उत्तर: नाव भावाचं, पण भाऊ चुलत. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ती प्लास्टिक मऊ करायला किंवा सुगंध टिकवायला मिसळलेली थॅलेट, ती कशाला पक्की जोडलेली नसतात म्हणून सुटून येतात. पेट, म्हणजे पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेटच्या बाटलीत टेरेफ्थॅलेट हा प्लास्टिकच्या साखळीचाच भाग असतो आणि ती बनवायला मऊ करणारं थॅलेट लागत नाही. तुम्ही लोशनच्या बाटलीबद्दल विचारत असाल तर बाटली राहू द्या, आत काय आहे ते वाचा.