मारानाथा : आला की ये?

प्रश्न असा आला आहे : आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या, उपासनेत ‘मारानाथा’ म्हणतात, त्यातला ‘नाथा’ आपल्या ‘हे नाथा’मधलाच का? आणि अर्थ ‘प्रभू आला’ की ‘प्रभू, ये’? दोन ठिकाणी दोन अर्थ दिलेले सापडले.

नाथाचा काही संबंध नाही. लहानपणी मीही ते संबोधनच समजून म्हणत असे. मग ‘मारा’ म्हणजे काय, हे विचारायची हिंमत मात्र कधी झाली नाही. शब्द अरामी आहे, येशूच्या रोजच्या बोलीतला. ‘मार’ म्हणजे प्रभू, धनी. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती बिशपांच्या नावाआधी ‘मार’ लागतो तो हाच. ‘मारान’ किंवा ‘माराना’ म्हणजे ‘आमचा प्रभू’.

खरी गंमत पुढेच आहे. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी (16:22) प्रेषित पौल हा शब्द लिहितो. पत्र ग्रीक, शब्द अरामी, नुसता ग्रीक अक्षरांत उतरवलेला. आणि जुन्या ग्रीक हस्तलिखितांत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत, सगळं सलग. म्हणजे तोडायचा कुठे, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. ‘मारान अथा’ म्हटलं की ‘आमचा प्रभू आला’. ‘माराना था’ म्हटलं की ‘आमच्या प्रभू, ये’. पहिल्यात उपकार मानणं आहे, दुसऱ्यात वाट पाहणं. तुम्हाला दिसलेले दोन्ही अर्थ त्यामुळे कुणाच्या चुकीने आलेले नाहीत.

माझा कल ‘ये’कडे आहे. प्रकटीकरण या बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी (22:20) ‘ये, प्रभू येशू’ ही हाक सरळ ग्रीकमध्येच आहे, आणि ती याच शब्दाचं भाषांतर वाटते. तरी ‘आला’ मला पुरता सोडवत नाही, त्याला कारण ‘दिदाखे’. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांची ही छोटी ग्रीक नियमपुस्तिका. तिचं हस्तलिखित 1873 मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलला सापडलं आणि 1883 मध्ये छापलं गेलं. तिच्या दहाव्या अध्यायात पोटभर जेवण झाल्यावर म्हणायची प्रार्थना आहे. अन्नपाण्याबद्दल, जीवनाबद्दल ‘आम्ही तुझी उपकारस्तुती करतो’ असं म्हणत म्हणत ती जाते आणि संपते कशावर? ‘मारानाथा. आमेन.’ पोट भरलेलं, आभार मानून झालेले, म्हणजे ‘आला’ही इथे शोभतो; आणि तरी कुणीतरी यायचं आहे.

उपकारस्तुती हा शब्दही इथे मोलाचा. ‘आभार’ म्हटलं की त्यात ‘भार’ आलाच, आणि तो मानून झाला की हिशेब मिटल्यासारखं वाटतं. सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधू लागतात, ते उगीच नाही. मराठी बायबलात पौल म्हणतो, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ (थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र 5:18). ‘स्थितीत’ आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. घरात आजारपण असेल तर त्या आजारपणाबद्दल धन्यवाद द्या, असं तो सांगत नाही. एका विभक्तीवर केवढं अवलंबून आहे! मूळ ग्रीकमध्येही ‘मध्ये’ याच अर्थाचं अव्यय आहे, म्हणून भाषांतरकाराला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

आणि ‘आला’ व ‘ये’ यांचं भांडण मराठी कानाला तितकंसं टोचू नये. स्वयंपाकघरातून हाक आली, ‘अरे, ये ना जेवायला!’ की आपण जागचे न हलता म्हणतो, ‘आलो!’ फलाटावर लांबवर दिवा दिसला की ‘गाडी आली, गाडी आली’ म्हणून पिशव्या उचलतो. व्याकरणात भूतकाळ, गाडी अजून सिग्नलपाशी.

लिहिताना मात्र एकच शब्द ठेवा, ‘मारानाथा’, मध्ये जागा न सोडता. पत्रिकेत ‘मारा नाथा’ छापलेलं मी पाहिलं आहे. तेवढं टाळा, तो अर्थ कुठल्याच हस्तलिखितात नाही.