फुलबॅक मुलाच्या पालकांना: ‘रनिंग बॅक’ लिहू देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवेना. मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये फुलबॅक आहे, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याच्या पुढे राहून, समोरच्यांना अडवून (ब्लॉक करून) त्याला वाट करून देणारा. कोच म्हणतात की कॉलेजात ही पोझिशनच उरलेली नाही, टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून ब्लॉकही करतो आणि पासही झेलतो तो) खेळायला शिक. आणि मुलगा हट्टाला पेटलाय. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं. मी कोच नाही, सल्लागारही नाही, एका फुलबॅकची आई आहे. एनसीएएचे (कॉलेजच्या खेळांच्या संघटनेचे) नियम सारखे बदलतात, तेव्हा तारखा आणि नियम स्वतः तपासून घ्या.

कोच खरं तेच सांगताहेत. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये आज निम्म्याहून जास्त प्लेंना (चालींना) मैदानात तीन रिसीव्हर (पास झेलणारे), एक टाइट एंड आणि एकच रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) असतो. तिसरा रिसीव्हर आला तो फुलबॅकच्याच जागेवर. १९७८पासून नियम पासिंगला सोयीचे होत गेले, पास फेकणारा क्वार्टरबॅक लाइनपासून काही यार्ड मागे, शॉटगनमध्ये, उभा राहू लागला, आणि ५३ जणांच्या रोस्टरमध्ये (खेळाडूंच्या यादीत) फक्त ब्लॉक करणाऱ्याला जागा देणं टीमना परवडेना. तसा फुलबॅक कामाचा नाही असं नाही. १९९७ ते २००७ सलग ११ सीझन फुलबॅक लॉरेन्झो नील ज्याच्या पुढे ब्लॉक करायचा, त्या रनरने दर वेळी हजार यार्ड ओलांडले. २००६मध्ये रनिंग बॅक टॉमलिन्सनने धावून २८ टचडाउन केले, तेव्हाही पुढे नीलच होता. म्हणून मुलाला एवढं नक्की सांगा की हे त्याच्यात काही कमी आहे म्हणून होत नाहीये.

आता आमचं नुकसान कशात झालं ते सांगते. ज्युनियर इयरला (अकरावीला) आम्ही एक रिक्रूटिंग कन्सल्टन्सी घेतली, म्हणजे मुलांची कॉलेजच्या कोचना ओळख करून देणारी कंपनी. नाव देत नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये फुलबॅक हा पर्यायच नव्हता, म्हणून त्यांनी परस्पर ‘रनिंग बॅक’ टाकलं. मग कोचना पाठवायची टेप (निवडक प्लेंचा व्हिडिओ) केली. माझ्या मुलाचा सगळ्यात चांगला प्ले गोल लाइनवरचा होता. तो गॅपमध्ये शिरला, समोरून लाइनबॅकर (बचाव करणारा) आला, याने गुडघे वाकवून खांदा त्याच्या जर्सीवरच्या नंबरखाली घातला आणि पाय न थांबवता त्याला एंड झोनमध्ये उताणा पाडला. मागचा टेलबॅक (बॉल घेतलेला रनिंग बॅक) कुणाचा हात न लागता आत गेला. ही क्लिप त्यांनी काढून टाकली. कारण काय, तर ‘बॉल त्याच्या हातात नाही’! ठेवले काय, तर त्याचे मोजके कॅरी (बॉल घेऊन धावणं), दोन-तीन यार्डांचे. ती टेप स्प्रेड ऑफेन्सवाल्या, म्हणजे खेळाडू मैदानभर पसरवून खेळणाऱ्या, कॉलेजांना गेली, तिथे त्याची चाळीस यार्डांची वेळ चपळ पोरांशी ताडून पाहिली गेली, आणि कुणी साधं उत्तरही दिलं नाही. फोन केला की ‘प्रोसेस चालू आहे’. टेप बदलायची म्हटलं तर वरचं पॅकेज घ्या! पैसे गेले ते गेले, पण कोच लोक नवी मुलं बघतात तो काळ हातातून निघून गेला, त्याचा मला आजही संताप येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: कोणी ‘रनिंग बॅक’ लिहायला सांगितलं तर साफ नाही म्हणा. ‘टाइट एंड शिक’ म्हणणाऱ्या कोचचं मात्र ऐका. हल्लीचे फुलबॅक बहुतेक दुसऱ्या पोझिशनवरूनच आलेले आहेत. पॅट्रिक रिकार्ड मेन युनिव्हर्सिटीत डिफेन्सिव्ह लाइनमध्ये होता, एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत) त्याला कुणी घेतलंही नाही. २०१९मध्ये एनएफएलच्या रेव्हन्सनी एका सीझनमध्ये धावून ३,२९६ यार्डांचा विक्रम केला त्या टीमचा तो फुलबॅक. अ‍ॅलेक इंगोल्ड हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक होता. काइल युस्चेक हार्वर्डचा, २०१३च्या ड्राफ्टच्या चौथ्या राउंडचा. त्याला २०१७मध्ये फोर्टीनाइनर्स टीमने ४ वर्षांचे २.१ कोटी डॉलरचे कंत्राट दिलं, कारण तो ब्लॉक करतो, पास झेलतो आणि स्पेशल टीम्सही (किक मारायच्या प्लेंची टीम) खेळतो. माझ्या मुलाने हे सगळं उशिरा शिकून घेतलं आणि डिव्हिजन थ्रीमध्ये (एनसीएएच्या तिसऱ्या गटातल्या कॉलेजात) एच-बॅक (फुलबॅक आणि टाइट एंड दोन्हींचं काम करणारा) म्हणून चार वर्षं मनापासून खेळला. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, आयव्ही लीगमध्येही (हार्वर्डसारख्या कॉलेजांच्या गटात) नसते. खर्चाचा हिशेब आधीच करा.

टेप तुम्हीच करा. सुरुवातीला ब्लॉक, मग पास झेललेले प्ले, मग किकऑफ आणि पंट, कॅरी सगळ्यात शेवटी. ईमेल मुलाने स्वतः लिहावी, टाइट एंड आणि स्पेशल टीम्सच्या कोचना. आयोवासारख्या कॉलेजांच्या मॅच बघा, तिथे कोच किर्क फेरेन्ट्झ यांनी फुलबॅक टिकवून ठेवलाय.

आणखी एक. कुणी आर्मी-नेव्हीचं, म्हणजे लष्करी अकादमींच्या कॉलेजांचं, सुचवेल, ऑप्शनमध्ये (बॉल कुणाला द्यायचा हे क्वार्टरबॅक ऐन वेळी ठरवतो त्या पद्धतीत) फुलबॅकला बॉलही मिळतो म्हणून. पण तिथे अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. शिवाय प्रवेशासाठी नॉमिनेशन (शिफारस) लागतं, बहुतेकांना काँग्रेसच्या सदस्याकडूनच, आणि पुढे लष्करात नोकरी बंधनकारक. तुमचे कागद कुठवर आलेत मला माहीत नाही, म्हणून लिहिलं.

डोक्याच्या दुखापतीबद्दल मी डॉक्टर नाही, पण सीझन सुरू व्हायच्या आधी शाळेत बेसलाइन टेस्ट (दुखापतीआधी मेंदूची स्थिती नोंदवणारी चाचणी, नंतर तुलना करायला) होते का ते विचारा. होत नसेल तर बाहेरून करून घ्या. फुलबॅक दर प्लेला पळत जाऊन धडकतो, तिथे हयगय नको.

क्लिप निवडताना अडलात तर मला निरोप पाठवा. माझ्या मुलाला दाखवते, ब्लॉक कुठला चांगला हे तो लगेच सांगेल.