वाचकांचे प्रश्न : लष्कर कोणाच्या सांगण्यावरून येतं?

(उत्तरं देणाऱ्या ताई वडोदऱ्याच्या. महसूल खात्यात नोकरी, निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्यात जिल्ह्याच्या कंट्रोल रूममध्ये ड्यूटी.)

प्रश्न : ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आम्ही समा भागात पहिल्या मजल्यावर अडकलो होतो. फत्तेगंजला लष्कराचं ई.एम.ई. स्कूल हाकेच्या अंतरावर. मग जवान दिसायला इतका वेळ का लागावा? — एक वाचक, समा

अंतर जवळचं आहे, रस्ता लांबचा आहे. नदीची धोक्याची पातळी २६ फूट. ती ओलांडली की आधी उतरतं महापालिकेचं फायर ब्रिगेड आणि पोलीस, मग राज्याचं आपत्ती दल एस.डी.आर.एफ., मग केंद्राचं आपत्ती दल एन.डी.आर.एफ. आपलं नशीब की एन.डी.आर.एफ.ची सहावी बटालियन वाघोडिया तालुक्यात जरोदलाच आहे. हे सगळं पुरेनासं झालं की लष्कर. सिव्हिलच्या, म्हणजे मुलकी प्रशासनाच्या, मदतीला सैन्याने कसं यायचं, याच्या सूचना १९७० पासून छापील आहेत आणि त्यांचा गाभा एवढाच, की सैन्य सर्वांत शेवटी येणार आणि सर्वांत आधी परत जाणार. सीमेवरचं काम ज्यांचं, त्यांना दर पावसाळ्यात आपल्या नाल्यात उतरवायचं नाही, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो.

मागणीचा कागद कलेक्टरकडून राज्य सरकारकडे आणि तिथून दिल्लीला संरक्षण मंत्रालयाकडे जातो. पण जीव जायची वेळ असेल तर कलेक्टर जवळच्या लष्करी ठाण्याच्या प्रमुखाला, म्हणजे स्टेशन कमांडरला, थेट सांगू शकतो, आणि कमांडर मंजुरीची वाट न बघता माणसं काढू शकतो. कागद मागाहून. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा तिथल्या फौजेने कोणाच्या पत्राची वाट पाहिली नव्हती, आणि हवाई दलाच्या तळावर तर त्यांचीच माणसं ढिगाऱ्याखाली होती.

राहिलं ई.एम.ई. ती मुळात शिकवणारी संस्था. पुरासाठी कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, बांधायचा म्हणजे साठ-सत्तर माणसं, बोटी, त्यांची इंजिनं, डॉक्टर, उंच चाकांचे ट्रक असं सगळं एकत्र करावं लागतं.

तरीही वेळ जातो तो बहुतेकदा यात नाही. जातो मागणीच्या मजकुरात. माझ्या डोळ्यांसमोरून असे कागद गेलेत : "परिस्थिती गंभीर असून लष्कराची एक तुकडी तात्काळ पाठवावी." एवढंच. कुठे, कशासाठी, काही नाही. मग तिकडून उलटे फोन सुरू. बोटी आणायच्या की ट्रक? माणसं काढायची आहेत की अन्न पोचवायचं आहे? पाणी उभं आहे की वाहतं? प्रत्येक प्रश्नाला कोणीतरी खाली तलाठ्याला फोन लावणार, तलाठ्याचा फोन लागणार नाही.

नीट लिहिलेला कागद असा असतो : अमुक रस्त्यापलीकडच्या चार सोसायट्या, अंदाजे दोनशे माणसं वरच्या मजल्यांवर, त्यात खाटेवरचे रुग्ण, पाणी छातीपर्यंत आणि ओढ जोराची, ट्रक अमक्या चौकापर्यंत येतो, बोट पेट्रोल पंपाच्या उतारावरून सोडता येईल, त्या फीडरची (त्या भागाच्या लाइनची) वीज बंद केली आहे. शेवटचं वाक्य नसेल तर कुठलाही शहाणा अधिकारी बोट पाण्यात घालणार नाही. त्यामुळे वीज कंपनीचा माणूस कंट्रोल रूममध्ये हवा, फोनवर नको. किती जवान, कुठलं सामान, ते त्यांना ठरवू द्यावं. आपण काम मागायचं.

प्रश्न : सैन्य आल्यावर हुकूम कोणाचा चालतो? कलेक्टरचा की कर्नलचा? — एक वाचक, कारेलीबाग

दोघांचा, पण वेगवेगळ्या गोष्टींवर. कोणती वस्ती आधी, कोणती नंतर, हे कलेक्टर सांगणार. ती बोट कशी न्यायची, किती माणसं बसवायची, अंधार पडल्यावर थांबायचं की नाही, हे त्यांचा अधिकारी. जवान कायम आपल्या अधिकाऱ्याच्याच हाताखाली असतो. मामलतदाराने परस्पर जवानाला "ए, तिकडे जा" म्हटलं तर तो सलाम करील आणि जागचा हलणार नाही. बरोबरच आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर. आपल्या गुजरातने तर भूकंपानंतर २००३ मध्येच स्वतःचा कायदा केला होता, केंद्राच्या आधी. त्यामुळे आपल्याकडे कागदावर गोंधळ फारसा नाही. गोंधळ होतो तो वायरलेसवर. पोलिसांचे सेट वेगळे, फौजेचे वेगळे, फायर ब्रिगेडचे तिसरेच. एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही. यावर अजून तरी माणूस हाच उपाय आहे. फौजेचा एक लायझन ऑफिसर, म्हणजे निरोप्या अधिकारी, आपल्या कंट्रोल रूममध्ये, आपल्या टेबलाला टेबल लावून. त्याला शेजारच्या खोलीत बसवून चहा पाठवला की संपलं.

दुसरा माणूस आपला, त्यांच्या बोटीत. याच्यावर मी नेहमी भांडत आले. आपल्या शहरात एकाच नावाच्या सोसायट्या किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. अकोट्याला एक, वाघोडिया रोडला तीच, पुढे "विभाग २" वेगळाच. नकाशावर आकडे वाचून आलेला पंजाबचा किंवा केरळचा पोरगा काय करणार? एका पुरात बोट भलत्याच सोसायटीत पोचली, तिथली माणसं मजेत गच्चीवर भजी तळत होती, आणि ज्या घरात ऑक्सिजनवरच्या आजी होत्या तिथे पुढे बराच वेळ कोणी गेलं नाही. आजी वाचल्या, म्हणून आज हे लिहिता येतं.

आणि पाण्याखाली काय आहे ते कोणाला दिसतं? बंगल्यांच्या गेटला वर भाले असतात, कंपाउंडच्या भिंतीवर काचा बसवलेल्या असतात. पाणी पाच फूट चढलं की ते सगळं बरोब्बर रबरी बोटीच्या पोटाशी येतं. वॉर्ड ऑफिसचा जुना मुकादम किंवा फायर ब्रिगेडचा माणूस पुढे बसला असेल तर तो हात वर करून सांगतो, इथून नको, तिकडून घ्या, इथे उघडी गटार आहे. हा माणूस कोण, हे जून महिन्यात ठरलेलं हवं. पाणी चढल्यावर शोधायला गेलात तर त्याच्याच घरात पाणी असतं.

प्रश्न : महापालिका आयुक्त आणि कलेक्टर यांच्यात मोठं कोण? आमच्याकडे दोघंही येऊन गेले आणि दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. — एक वाचक, वडसर

आजवा तलावातून नदीत पाणी सोडणारी महापालिका, गावं रिकामी करणारा कलेक्टर, त्यामुळे हे व्हायचंच. आपत्ती कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने राज्य सरकारला महापालिकेच्या शहरांसाठी वेगळं शहरी आपत्ती प्राधिकरण नेमता येतं, त्यात आयुक्त अध्यक्ष आणि कलेक्टर उपाध्यक्ष. माझं मत विचाराल तर लष्कराकडे मागणी मात्र एकाच हाताने जावी, कलेक्टरच्या. दोन खुर्च्यांवरून दोन मागण्या गेल्या की बोटी निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात आणि कुठेच पुरत नाहीत.

प्रश्न : सैन्य आलं म्हणजे कर्फ्यू लागतो का? रिकाम्या घरांची राखण तेच करतात का?

नाही. पुराच्या कामावर आलेल्या जवानाला पोलिसांचे अधिकार नसतात. दंगलीसाठी फौज बोलावणं हा वेगळा विषय, त्याला वेगळं कलम आणि मॅजिस्ट्रेट लागतो. चोरीसाठी पोलिसांना ११२ वर फोन करा.

प्रश्न : या सगळ्याचं बिल कोण भरतं?

राज्य सरकार. आपत्ती निधीतून ते देता येतं, आणि आपल्यासारख्या राज्यात त्या निधीत ७५ टक्के वाटा केंद्राचा असतो. म्हणजे या खिशातून त्या खिशात. वायनाडच्या दरडीनंतर २०२४ मध्ये केंद्राने केरळकडे हवाई दलाच्या जुन्या-नव्या मदतीचे १३२ कोटींहून जास्त रुपये मागितले तेव्हा केवढा गदारोळ झाला. तुमच्या घरी कोणी पावती घेऊन येणार नाही, निश्चिंत असा.

प्रश्न : पाणी ओसरताच जवान निघून गेले. चिखल तसाच. हे बरं का? — एक वाचक, मुजमहुडा

हो, बरं. चिखल काढणं हे त्यांचं काम नाही. त्यासाठी सुरत-अहमदाबादहून सफाई कामगार आले होते, त्यांचे आभार कोणी फारसे मानले नाहीत. जवानांना सोडायचाही कागद असतो. तो वेळेवर काढायला हवा, कारण पुढच्या जिल्ह्यात त्यांची वाट बघत असतात.

प्रश्न : पुराच्या पाण्याबरोबर आमच्या जिन्यात मगर आली होती. जवानांनी हात लावला नाही!

शहाणे होते म्हणून. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला वनखातं आणि त्यांच्याबरोबरचे स्वयंसेवकच धरतील. तुम्ही वरच्या मजल्यावर थांबा आणि जिन्याचं दार लावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीने पुढच्या पावसाळ्याआधी काय करून ठेवावं? — एक सेक्रेटरी, फत्तेगंज

एक यादी. घर नंबर, मजला, आणि फक्त तीच माणसं ज्यांना उचलून न्यावं लागेल : अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवाले, दिवस भरलेल्या बायका. शेजारी वजन लिहा. चार जवानांनी खुर्चीवरून उतरवायचं की स्ट्रेचर मागवायचं ते त्यावर ठरतं. खाली गेटच्या भाल्यांची आणि उघड्या चेंबरची खूण. एक प्रत वॉर्ड ऑफिसात, एक सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरात. तळमजल्यावरच्या ऑफिसच्या कपाटात ठेवू नका, २०२४ ला अशी किती रजिस्टरं पोहली! जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा नंबर १०७७. फोन केलात की "लष्कर पाठवा" म्हणू नका. ही यादी वाचून दाखवा.